चार बोटं वर

गौरवीने पिस्तुलाच्या पोटाखालची दांडी बाहेर ओढली, ती परत मिटवायला दोन्ही हातांचा जोर लावला आणि शेवटच्या चार इंचांना गुडघ्याची मदत घेतली. खट् असा आवाज झाला. तिने शिशाचा बारका छर्रा खाचेत ठेवला, झाकण लावलं, डावा हात पँटच्या खिशात घातला आणि उजवा सरळ समोर धरला.

फट्.

"कितके?" शंभूबाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

ती दहा मीटर चालत गेली, कागदाला जवळजवळ नाक लावून बघितलं आणि परत आली. "पाच."

"मघाशी नऊ मारलंस ना गो?"

"नऊ, मग सहा, मग कागदाच्या भायर, आणि आता पाच. बाबलीचो नेम, आबा. दुसरं काय?"

शंभूबाब हसले. त्यांना हसावंच लागलं, कारण ते शब्द त्यांनीच घरात आणले होते. सर्वणच्या या घरात गेली बत्तीस वर्षं ज्याचा म्हणून नेम चुकेल, त्याचा बाबलीचो नेम. पोरांचा चेंडू विहिरीत गेला, लग्नात अक्षता नवऱ्याऐवजी भटजींच्या टकलावर पडल्या, कावळ्याला मारलेला खडा शेजाऱ्याच्या कौलावर वाजला, की कुणीतरी ते म्हणणारच. गौरवी एकोणीस वर्षांची. बाबलीच्या हातात बंदूक तिने कधी पाहिलीही नव्हती. त्याला ती ओळखत होती ते दरवर्षी गणेशचवथीच्या आधी माटोळीचं सामान घेऊन येणारा म्हातारा म्हणून, आणि हे दोन बाबली एकच आहेत हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पिस्तूल घरात येऊन सात दिवस झाले होते. तिच्या बापाने, निहारने, ते मागवून दिलं होतं. तो वास्कोला बंदरात नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. मुलगी राज्याच्या निवडचाचणीपर्यंत पोचली याचं त्याला इतकं अप्रूप, की ही बातमी त्याने बंदरात एकही माणूस सांगायचा ठेवला नव्हता. गौरवी क्लबातल्या ज्या पिस्तुलावर शिकली ते सिलिंडरमधल्या हवेवर चालायचं. छर्रा घाला, चाप ओढा, झालं. पण ते चौघांत एक. हे तिचं एकटीचं होतं. याला सिलिंडर नव्हता. प्रत्येक छर्ऱ्यामागे दांडी ओढून, मिटवून हवा आपणच भरायची. पहिल्या दिवशी ते देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावलं होतं. ते पिस्तूल आता तिच्याशी असं वागत होतं.

पसंत पडलं नाही तर सात दिवसांत परत, असं दुकानाने लिहून दिलं होतं. आज सातवा. कुरियरवाला बाराच्या सुमाराला डिचोलीहून येणार होता आणि रविवारी पणजीला चाचणी होती.

"खोट पिस्तुलातच असा," शंभूबाब म्हणाले. "दी पाठवून."

"आणि खोट पिस्तुलात नसली तर?"

"तर काय?"

"तर मग माझ्या हातात आहे." ती कागद बदलता बदलता म्हणाली. "मग पिस्तूलही नको आणि रविवारही नको. उगाच पपांना पणजीपर्यंत कशाला आणायचं, माझी फजिती बघायला?"

ती हे सहज बोलल्यासारखी बोलली, पण नवा कागद चिकटवताना तिने त्याचे चारही कोपरे गरजेपेक्षा जास्त दाबले.

हत्याराला नावं ठेवणारा माणूस कामचुकार, हे शंभूबाबांचं जन्मभराचं मत. कोयती बोथट आहे म्हणणाऱ्या गड्याला त्यांनी कधी दुसरी कोयती दिली नव्हती. पण नातीपुढे ते मत बदलायला त्यांना सात दिवस पुरले. परवा त्यांनी स्वतःही एकदा पिस्तूल मारून पाहिलं होतं. तो छर्रा कुठे गेला ते अजून कुणाला सापडलं नव्हतं. गोठ्याचा पत्रा मात्र वाजला होता. क्लबाचे सर स्पर्धेसाठी बाहेरगावी गेलेले. ते फोनवर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या तरी स्थिर हाताने पाच मारून बघ. टेकू देऊन मारू नकोस, टेकूवर पिस्तूल वेगळं उडतं. आता शहात्तर वर्षांचे आबा आणि आठवडाभर पिस्तुलाशी झुंजून रडकुंडीला आलेली नात, यांच्या घरात स्थिर हात आणायचा कुठून?

घराच्या मागे, विहिरीपलीकडे, सुपारी-केळींचं कुळागर सुरू होतं. पूर्वी ते पार ओहोळापर्यंत होतं. आता विहिरीच्या आसपासची पोफळी आणि केळींच्या चार ओळी तेवढ्या सांभाळलेल्या, बाकी रान. चिऱ्यांच्या गडग्याला टेकून गौरवीने एका स्टुलावर जुनी वर्तमानपत्रं कोंबलेला मोठा पुठ्ठ्याचा खोका ठेवला होता आणि त्यावर निशाणाचा कागद. शंभूबाब रोज सकाळी खुर्ची घेऊन इथे येऊन बसत. नातीसाठी, असं ते सांगत. खरं तर त्यांना तो आवाज आवडायचा. पोफळींतून तो फट् आवाज घुमला, की त्यांची तीस-चाळीस वर्षं कुठल्या कुठे गळून पडत.

बाबली तेव्हा ऐन तिशीतला. गुडघ्यावर पँट, कमरेला कोयती आणि खांद्यावर छर्ऱ्याची बंदूक. ती नळी मोडून भरायची जुनी बंदूक शंभूबाबांनी पणजीहून आणली होती. सकाळी धुकं असायचं, चुलीवर पेज असायची, आणि डोंगराच्या बाजूने फणसावरून वांदरांची टोळी उतरायची. आधी म्हातारा हुप्प्या खाकरायचा. मग पानं सळसळायची. मग फट्. एक पान तुटून हेलकावे खात खाली यायचं आणि सगळी टोळी धूम डोंगराकडे. मागच्या खिडकीत घरातली पोरं रांगेने बसलेली असत, त्यात निहार सगळ्यात पुढे. "चुकलो रे चुकलो!" असा एकच गिल्ला व्हायचा. बाबली खालून बंदूक उंचावून त्यांना दाखवायचा आणि पेज जेवायला यायचा. अशी अठरा वर्षं. अठरा वर्षांत त्याच्या बंदुकीचा छर्रा एकाही वांदराला लागलेला कुणी पाहिला नाही. सुखाचे दिवस होते ते. शंभूबाब ते पुन्हा पुन्हा आठवत बसायचे.

त्या दिवसांचा शेवट मात्र त्यांना आठवायला नको असायचा.

त्या वर्षी चवथीसाठी राखलेल्या केळी भरात आल्या होत्या, आणि आठ दिवस कुळागरातून बंदुकीचा आवाजच आला नाही. नवव्या दिवशी शंभूबाब खाली गेले तर दोन ओळी साफ. साली खाली पडलेल्या, घड लोंबकळलेले, आणि बाबली विहिरीच्या काठावर बंदूक मांडीवर आडवी घेऊन नुसता बसलेला. पाण्याचे पाट उपसणारे सहा-सात गडी तिथेच होते. शंभूबाबांनी त्यांच्यासमोर त्याच्या मांडीवरून बंदूक उचलली. "वांदर तुका भियेनत नाय, तूच वांदरांक भियेतंस," ते म्हणाले. "उद्यापासून पाट काढ." गडी हसले. आणि बाबलीही हसला.

ते हसू शंभूबाबांना बत्तीस वर्षं पचलं नव्हतं. बाबलीने पुढे सहा वर्षं पाट काढले, माती उचलली, मग मुलगा कारखान्यात लागला तसं काम सोडलं. सोडल्यावरही दरवर्षी चवथीच्या चार दिवस आधी तो माटोळीचं सामान आणून द्यायचा. गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला बांधायची रानातली फळं, जी आता बाजारात शोधूनही मिळत नाहीत. पुढच्या दारी यायचा, फळांनी भरलेली बांबूची पाटली ठेवायचा, चहा प्यायचा, जायचा. सव्वीस वर्षांत घराला वळसा घालून कुळागरात त्याने एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. मनात राग आहे की नाही? राग असेल तर फळं का आणतो, आणि नसेल तर मागे का येत नाही? मे महिन्यात डॉक्टरांनी काळजाजवळ नळी बसवली तेव्हा शंभूबाबांनी खाटेवर पडल्या पडल्या ठरवलं होतं, की या चवथीला विचारून टाकायचं. मग जे ऐकावं लागेल ते ऐकू.

फट्, पुन्हा आवाज झाला. "सात," गौरवी कागदापासून ओरडली, आणि त्याच वेळी घराच्या कोपऱ्यावर कुणीतरी खाकरलं.

बाबली उभा होता. डोक्यावर पाटली, त्यातून लाल कवंडळाची फळं आणि सुपारीच्या घोसाचं शिंपट डोकावत होतं. आवाज ऐकून तो इथवर आला असावा, पण पाय कोपऱ्याच्या पायरीवर थांबले होते.

"वांदर इले, शंभूबाब?"

"वांदर खंयचे? ही नात माझी. कागदाक मारता."

बाबलीने खोक्यावरच्या कागदाकडे जरा वेळ पाहिलं. "कागद काय खाता?"

गौरवी आठवड्यात पहिल्यांदा मोकळी हसली. "काय खात नाय, बाबलीमामा. नुसतंच मारायचं. तुम्हाला येतं? तुमचा हात कापत नाय ना?"

"अगो, ह्येका काय विचारतंस?" शंभूबाब एकदम म्हणाले. "ज्येच्या नावान तू मघापासून..."

गौरवीने आबांकडे पाहिलं, मग बाबलीकडे, आणि तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"सांग गो, सांग," बाबली पाटली खाली उतरवत म्हणाला. "माका ठावक असा. आमच्या घरात पण म्हणतत. नातवान परवा दगड मारलान आंब्याक, लागलो खिडकेक. तोच म्हणालो, बाबलीचो नेम."

शंभूबाबांना ते सुईसारखं टोचलं. आपल्या घरातली थट्टा गावभर फिरून त्याच्याच चुलीपर्यंत पोचली असेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं. ते काहीतरी बोलणार, तोवर गौरवीने पिस्तूल बाबलीच्या हातात दिलं होतं आणि दांडी कशी ओढायची ते दाखवत होती. बाबली पायरी उतरून कुळागरात आला होता. हे त्याच्या ध्यानात आलं की नाही कुणास ठाऊक.

"आमची नळी मोडून भरूची होती," तो म्हणाला. "ह्यां बरा असा. सुबक." त्याने दांडी ओढली आणि एका हाताने, गुडघा न लावता, मिटवली. मग पिस्तूल खाली धरून तो तसाच उभा राहिला. किती तरी वेळ. झोप लागली की काय, असं शंभूबाबांना वाटलं. मग हात वर आला, थांबला, आणि फट्.

गौरवी धावत गेली. कागद कोरा.

"होऊ दे, पहिलाच," ती म्हणाली. "अजून चार मारा."

दुसरा मारला, कागद कोरा. तिसरा मारला, कोरा. शंभूबाबांना आधी हसू येत होतं, ते तिसऱ्याला थांबलं. एक तरी लागू दे याचा, असं त्यांना वाटू लागलं. काठावर का होईना, एक. इतक्या वर्षांनी या माणसाला परत इथे उभं करून आपण पुन्हा त्याचं हसंच करतो आहोत. चौथ्याला बाबलीने दांडी मिटवून इतका वेळ घेतला की पोफळीवरचं पाखरू उठून गेलं. चौथा कोरा. पाचवाही.

"माका कागद जमणा नाय, गो," बाबलीने पिस्तूल परत दिलं. त्याच्या बोलण्यात ना लाज, ना खंत.

गौरवीच्या खिशातला फोन वाजला. कुरियरवाला म्हणत होता, डिचोलीतून निघालोय, पार्सल बांधून ठेवा. ती "हो" म्हणाली आणि खोका आवरायला गेली. कागद काढण्यासाठी तिने हात वर केला आणि तसाच ठेवला.

"आबा, इकडे या."

"काय झाला?"

"या तुम्ही."

शंभूबाब खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले आणि गेले. कागदाच्या वरच्या काठापासून चार बोटं वर, खोक्याच्या तपकिरी पुठ्ठ्यावर, एक भोक होतं. एकच. गौरवीने त्यात करंगळी घातली, आतली वर्तमानपत्रं उचकली आणि शिशाचे चपटे तुकडे तळहातावर काढले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच छर्रे एकाच भोकातून गेले होते. जुन्या चार आण्याने ते भोक झाकलं गेलं असतं.

मग गौरवी तिथेच ओल्या मातीत बसली.

"पाचही एकाच जागी. म्हणजे पिस्तूल बरोबर आहे," ती म्हणाली. "म्हणजे हातच."

"हात पण बरो असा तुझो," बाबली मागून येत म्हणाला. "मी कोपऱ्यार उभो रवान दोन बघितलंय. तू दम खायनस नाय. दांडी दाबतंस आणि लगेच मारतंस. इतको जोर लावल्यार हात कापता, माझो पण कापता. तो निवळासर रवाचा."

"पण वेळ जातो ना त्यात."

"जावंदे. कागद खंय पळता?"

तिने वर पाहिलं. सिलिंडरच्या पिस्तुलाला दांडी नव्हती, त्यामुळे थांबायची सवय तिला कधी लागलीच नव्हती. सात दिवस ती पिस्तुलाला आणि स्वतःला दोष देत बसली आणि गोष्ट एवढीशी होती. ती उठली, दांडी ओढली, गुडघ्याने मिटवली आणि हात खाली सोडून उभी राहिली. ओठ हलत होते, आकडे मोजत असावी. मग मारला. आठ. पुन्हा थांबून मारला, नऊ. मग परत आठ, पण नवाला चिकटून. तिने पिस्तूल पेटीत ठेवलं, फोन उचलला आणि कुरियरवाल्याला येऊ नका म्हणून सांगत घराकडे चालू लागली. कोपऱ्यावरून ती ओरडली, "बाबलीमामा, जाऊ नका हां, मी चहा टाकते." तिच्या आवाजावरून शंभूबाबांना कळलं की रविवारी वास्कोहून निहारला यावं लागणार.

दोघे म्हातारे खोक्यापाशी राहिले. शंभूबाबांचं बोट त्या भोकाच्या कडेवरून फिरत होतं.

"बाबली, ह्यां चुकान झाला?"

"सवय, शंभूबाब. माका थंयच मारूक येता."

"अठरा वर्सां थंयच मारी होतंस?"

"डोक्याच्या वरचा पान धरूचा. पान फाटला की तां वांदराच्या नाकार पडता. तितक्यान तां पळता. छर्रो लागलो तर डोळो जातलो तेचो. मगे मारुतीच्या देवळात खंयच्या तोंडान जातलंय?"

"आणि आमची पोरां वरसून ओरडत, चुकलो चुकलो म्हणून."

"ओरडत," बाबली हसला. "माका बरा वाटी. पोरां उठली काय त्या आवाजानच."

शंभूबाबांनी विहिरीच्या काठाचा आधार घेतला आणि हळूच बसले. विचारायचं होतं ते आता विचारायलाच हवं होतं. मे महिन्यात खाटेवर किती सोपं वाटलं होतं ते.

"मगे त्या वर्साक काय झाला? आठ दिवस बंदूक मांडयेर घेवन बसलंस. हंयच बसलेलंस."

बाबलीने डोंगराच्या बाजूच्या फणसाकडे पाहिलं. "त्याच्या आधी एकदा नेम चुकलो."

"म्हणजे?"

"लागलो."

"वांदराक?"

"मी पान धरलंय," बाबली म्हणाला, "आणि तेच वेळार तिना वर उडी घेतल्यान. मादी होती. पोटाक पोर चिकटलेला. मांडयेत लागलो छर्रो. पडूक नाय ती. थंय फांदयेर बसान माझ्याकडे बघीत रवली. मगे माझ्यान बंदूक उचलूकच झाली नाय. आठ दिवस सकाळी येय, हंय बसय, पण हात वर जाय नाय."

"मेल्या, माका सांगूचा तरी होता."

"तुमी विचारलाच नाय."

त्यात दोषाचा सूर नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. पोफळीवरून रात्रीच्या पावसाचे थेंब खोक्यावर पडत होते, तरी खोका आत न्यावा हे दोघांनाही सुचलं नाही.

"तुमी बंदूक न्हेलात, तां बराच झाला," बाबली पुढे म्हणाला. "माका हलका वाटला. देवान सोडवल्यान म्हटलंय." मग त्याने शंभूबाबांकडे पाहिलं. "फक्त गडयांच्या समोर नको होता, शंभूबाब. तितक्याच."

"चुकलंय मी," शंभूबाब म्हणाले. आयुष्यात कुठल्याही गड्याला त्यांनी हे म्हटलं नव्हतं. आवाज चिरका निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. "माझा चुकला, बाबली. आणि तां सगळ्यांसमोर सांगतलंय. चवथीक घरात चाळीस माणसां असतली, तू पण ये. त्यांच्यासमोर सांगतलंय."

"नको हो. आता कित्याक?"

"कित्याक म्हणजे? होया माका."

बाबलीही विहिरीच्या काठावर टेकला, शंभूबाबांपासून हातभर अंतरावर. इतक्या वर्षांत या काठावर दोघे एकत्र कधी बसले नव्हते. घरातून स्टोव्हचा आवाज येत होता आणि गौरवी फोनवर बापाला काहीतरी भरभरून सांगत होती.

"जगली काय ती?" शंभूबाबांनी विचारलं.

"जगली. लंगडत चलय. टोळयेच्या मागे पडय, पोराक घेवन. बाकीचे फणसार चढान गेले काय ही आपली खाली. तिका वर चढान घड काढूक जमय नाय." बाबली पायाने माती उकरत होता. "मगे मी पाट काढूक लागलंय ना, तेव्हा तिच्यासाठी थंय गडग्यार एक फणी दवरी होतंय."

"केळ्यांची?"

"केळ्यांची."

"किती दिवस?"

"चार वर्सां. आयतवार सोडून."

"आयतवारी कित्याक नाय?"

"आयतवारी तुमी कुळागरात फिरात."

शंभूबाब हळूहळू त्याच्याकडे वळले. त्या चार वर्षांत त्यांनी वांदरांवर फटाके लावले होते, दोन कुत्रे पाळले होते, एका गड्याला चोर समजून कामावरून काढायच्या गोष्टी केल्या होत्या.

"केळी खंयची ती?"

"तुमचीच."

"सालदाटी?" शंभूबाबांनी त्यातल्या त्यात स्वस्त जातीचं नाव घेतलं.

"रसबाळी," बाबली खाली बघून म्हणाला. "सालदाटी ती खायना."

शंभूबाबांच्या पोटातून हसू आलं आणि वाटेत त्याचं काहीतरी दुसरंच झालं. त्यांनी तोंडावर हात धरला, खांदे हलले, डोळ्यांतून पाणी आलं. बाबली घाबरून त्यांच्या छातीकडे बघू लागला, पण त्यांनी हातानेच, काही नाही, अशी खूण केली. बऱ्याच वेळाने त्यांनी लुंगीच्या टोकाने डोळे पुसले.

"मगे एकच फणी कित्याक दवरी होतंस, मेल्या?" ते म्हणाले. "पोर होता ना तिच्याबरोबर."